अर्धा आकडा जुना, अर्धा नवा

शुक्रवार, संध्याकाळ

आमच्या यंत्रात भट्टीचं तापमान एक प्रोग्रॅम मेमरीत लिहितो आणि दुसरा त्याच जागेवरून वाचून पडद्यावर दाखवतो. लिहिणं पुरं व्हायच्या आत वाचलं, तर अर्धा आकडा जुना, अर्धा नवा. वाचणाऱ्याला थांबवणारं लॉक मी घातलं होतं. पडदा अडखळतो म्हणून ऑफिसातल्या सरांनी काढलं. आज त्यांना चूक दाखवायला दिवसभर बसले. एकदाही घडली नाही!

"काय मॅडम, दिसलं का भूत?" सर हसले, आणि यंत्र वाळूजच्या कारखान्यात गेलं.

तिथला माणूस त्याच अर्ध्या-अर्ध्या आकड्यावर विसंबून, आत धग असतानाही, भट्टीचं दार उघडणार. पुन्हा सांगू? पण कुणाला?

फुलंब्रीहून बाबांचा फोन. "तुझं काम कारखान्यात लागलं, लई झालं माय! गल्लीत पेढे वाटले."

मी नुसतं व्हय म्हणाले.