माझा कान आणि पांढरी नळी

५ मार्च
सोमवारी परीक्षा. आमची सोडियम-गंधकाची बॅटरी दिवसभर तापून टिकली तर काम चालू, नाहीतर साहेब भट्टीला कुलूप घालणार. मला काळजी नाही. नळी मी निवडणार. पांढरी सिरॅमिकची नळी, आत वितळलेलं सोडियम, बाहेर गंधक. नळी तडकली की दोघं भेटतात आणि भडका उडतो. पण माझी तडकेल कशी? मी टिचकी मारून पाहतो. टण्ण वाजली तर पक्की, खट्ट वाजली तर बाद.

७ मार्च
सहकारी बाई म्हणतात, शाई लावून बघू, तडा असला तर दिसेल. त्यांचं नाव मी शंकासूर ठेवलंय. मग माझा कान कशाला आहे? हल्ली नळ्या खट्टच वाजतात, नळ्या बनवायची पावडर भिकार येते. आज बोटाने वाजेना, अंगठीने वाजेना. शेवटच्या नळीवर पाना हाणला. वाजली. हीच सोमवारी.

८ मार्च
घरी कटकट. ही म्हणते, तीन हाका मारल्या तरी ओ देत नाही. ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. बाद झालेल्या एका नळीत तिने पेनं ठेवलीत. तेवढीच लायकी त्या नळीची.

९ मार्च, सकाळी
साडेतीनशे डिग्री. शंकासूर अजून शाईचंच धरून बसल्यात.

९ मार्च, दुपारी
तापमानाचा आकडा भराभर चढतोय. छान. मघाशी सगळे एकदम बाहेर पळाले, साहेबसुद्धा. चहा आला असणार. साहेबांनी काचेतून हात हलवला, मीही हलवला. लाल दिवा लागलाय. जळका वास कसला येतोय, बघायला हवं

११ मार्च
सायरन वाजत होता म्हणे. शंकासूर आत आल्या आणि कॉलर धरून मला ओढत बाहेर नेलं. आग बॅटरीच्या पोलादी पेटीतच विझली, कोणाला काही झालं नाही. तडा पान्याच्या खुणेपासूनच गेला होता.

१६ मार्च
शंकासूरांनी घरी येऊन पेनांच्या नळीला शाई लावली. एकही तडा नाही. साहेबांनी त्या नळीवर शेवटची संधी दिलीय. अट एकच, मी तिला हात लावायचा नाही.

कानाचं मशीनही आलं. शंकासूरांनी नळी नेण्याआधी घरातच हळूच टिचकी मारली. टण्ण. इतका गोड आवाज कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. तेवढ्यात ही स्वयंपाकघरात पुटपुटली की, टाकाऊ नळी नव्हतीच मुळी. शब्द न् शब्द ऐकू आला. मशीन काढून डबीत ठेवलं.