खोटा उकाडा

आदरणीय दाजी,

वाकून नमस्कार (जबडा ठणकतो म्हणून बेतानेच वाकलो आहे). तुमची कंबर आता कशी आहे? ताईचा खोकला गेला का? नसेल गेला, तर अंगावर काढू नकोस म्हणावं. आता सगळ्यात आधी एक खुलासा: मला अर्धांगवायू झालेला नाही. आमच्या हिने ताईला रडत फोन केला, ताईने तुम्हाला कामावरून बोलावून घेतलं, आणि तिथून ती बातमी अशी पसरली की काल धाकट्या काकांनी माझ्याच फोनवर मलाच विचारलं, "त्याला बोलता येतं का रे?" मी "येतं" म्हणालो, तरी त्यांना खात्री पटली नाही. म्हणून हे पत्र. लिहिलेलं तरी लोक खरं धरतात.

तुम्ही शीतगृहातली यंत्रं सांभाळणारे, म्हणून मोठ्या मायेने आमच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये स्वतः शिडीवर चढून ते सेन्सर बसवलेत (कंबर त्यातच गेली, हे ताई मला दर फोनवर ऐकवते). एक उष्णतेचा, एक दमटपणाचा, एक अमोनियाचा. उष्णता वाढली की पंखे आपोआप सुरू आणि माझ्या फोनवर सूचना. "आता निर्धास्त राहा," असं तुम्ही म्हणाला होतात. दाजी, तुमच्याबद्दल मनात आदर ठेवून सांगतो, पूर्वी मी फक्त शेडमध्ये गेलो की काळजी करायचो. आता ती काळजी खिशात घेऊन फिरतो. न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर एका मयताच्या घरी फोन ठणाणला आणि मी सगळ्यांसमोर "दमटपणा वाढला!" असं ओरडलो. तिथल्या विधवा बाईंनी माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं.

तर झालं असं, की दाढ काढायला दंतवैद्याकडे गेलो होतो. त्यांनी इंजेक्शन दिलं, अर्धा चेहरा माझा राहिला नाही, आणि ते चिमटा उचलणार तेवढ्यात फोन वाजला. शेडमध्ये उष्णता वाढतेय! पिल्लं नुकतीच आणलेली, अंगावर नुसती लव. पाहता पाहता आकडा आणखी चढला. मी हिला फोन लावला आणि "पंखे बघ, शेडमध्ये जा" असं म्हणालो. म्हणजे मनात तसं म्हणालो. तोंडातून जे आलं त्यात फ आणि ख सोडून काही नव्हतं.

"अहो, नीट बोला ना! काय होतंय?"

मी आणखी जोर लावला. मग तिचा आवाज एकदम बदलला. "अहो, हसून दाखवा बरं." (फोनवर, दाजी!) "दोन्ही हात वर करा." मी केलेसुद्धा. घाबरलेल्या माणसाला कोणी काही करायला सांगितलं की बरं वाटतं. हात वर करताना फोन पडला, दंतवैद्य बाजूला सरकले, आणि मी गळ्यातला तो कागदी रुमाल तसाच ठेवून स्कूटर काढली.

अर्ध्या रस्त्यात समोरून दूधवाल्याची गाडी आली. आत ही! मला दवाखान्यात न्यायला निघालेली. म्हणजे शेडवर कोणीच नाही! मी थांबलो नाही. वाकडं तोंड, गळ्यात रुमाल, हनुवटीवर लाळ, असा मी तिच्या समोरून सुसाट गेलो, आणि दूधवाल्याने गाडी वळवून माझा पाठलाग सुरू केला.

शेडचं दार उघडलं तर आत उकाडा कुठला! पंखे भन्नाट फिरत होते, गार वारा अंगाला झोंबत होता, आणि सगळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढीग करून बसली होती. ढिगातून अगदी बारीक आवाज येत होता. पिल्लं अशी दाटली की खालची गुदमरतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी गुडघ्यावर बसून ओंजळीने त्यांना बाजूला करू लागलो. ही मागून आली, माझं तोंड पाहिलं, ढीग पाहिला, आणि काही न विचारता आधी पंखे बंद केले. मग माझ्या शेजारी बसली. दूधवालाही बसला. ढिगाच्या तळाशी हिच्या हाताला तुमचा उष्णतेचा सेन्सर लागला.

तो छतावरून टांगून पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, असं तुम्ही सांगितलं होतं. पिल्लं वाढतील तसा वर घेता यावा म्हणून मी तुमची तार काढून सुतळी बांधली होती. ती त्यांनी चोचींनी उसवली आणि सेन्सर खाली पडला.

हिने तो पुसत मला समजावलं, "त्याच्यावर दोन-चार पिल्लं बसली. त्याला उकडलं, म्हणून त्याने वारा सोडला. यांना थंडी वाजली, म्हणून आणखी त्याच्यावर चढली. त्याला आणखी उकडलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलाय. स्वतः घाबरायचं आणि बाकीच्यांना गारठवायचं."

गारठलेली बहुतेक पिल्लं गरम दिव्यांखाली तासाभरात चालू-फिरू लागली. तळाची काही मात्र गेली. ती आम्ही तिघांनी एका पाटीत गोळा केली. मला बोलता आलं असतं तरी बोललो नसतो.

आता सेन्सर पुन्हा तारेने बांधला आहे, आणि सूचना हिच्या फोनवर येतात. माझ्या फोनवरून तिने ते सगळं काढून टाकलं. खरंच सांगतो, डोक्यावरचं ओझं उतरलं. जेवण जातं, झोप लागते. तुमच्या यंत्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ताईला नमस्कार.

तुमचा,
धडधाकट मेहुणा

ता. क. दाढ अजून तोंडातच आहे. दंतवैद्य म्हणाले, पुढच्या वेळी फोन बाहेर ठेवून या.

ता. क. दाजी, हिला कळू न देता माझा नंबर पुन्हा त्यात घालता येईल का? सगळं नको, फक्त उष्णता. दमटपणाचं मी कसंतरी सोसेन. जेवताना तिचा फोन वाजतो आणि ती आधी घास संपवते, दाजी! सावकाश चावून! मी तिच्या चेहऱ्यावरून आकडा ओळखायचा प्रयत्न करतो. झोप लागते असं वर लिहिलं आहे, ते ताईसाठी.

ता. क. आत्ताच वाजला. तिने पाहिलं, हसली आणि फोन पालथा ठेवला. हसली का? जरा शेडवर जाऊन येतो.

ता. क. जाऊन आलो. सगळं ठीक आहे. तिच्या बहिणीचा निरोप होता म्हणे. 'म्हणे' मुद्दाम लिहिलं आहे. नंबर आजच घाला.