उतरती रेष

३ तारीख, सोमवार
लागलो बुवा एकदाचा नोकरीला. तिसरा मजला, लिफ्ट बंद, पण खिडकीजवळची जागा आणि दोन-दोन स्क्रीन, म्हणजे थाटच. काम सोपं: दिवसभर बाजारभावांचे चार्ट बघायचे, कुठे वळण दिसलं की वरिष्ठांना सांगायचं. त्यांना सगळे दादा म्हणतात. दादा म्हणाले, चार्ट तुझ्या डोळ्याला बसेल असा मांडून घे, दुसऱ्याचा चष्मा घालून फिरू नकोस. पण आधी इथे बसायची त्या मुलीची मांडणी तयारच होती. काळी पाटी, भावाची चढउतार दाखवणाऱ्या हिरव्या-लाल कँडल-पट्ट्या, सरासरीची एकच निळी रेघ. सुबक. मी आळशी. तीच ठेवली.
कोपऱ्यात एक छोटा चार्ट होता, सपाट, नाव ‘थोरली’. नाव खोडलं तर रिकामं राहू देईना. सकाळी बाबांनी माझे बूट पुसून दिले होते, त्या खुशीत ‘बाबा’ लिहिलं.

५ तारीख, बुधवार
कोपऱ्यातला चार्ट हलायला लागलाय. ७६, ७९, ७४. त्यावर त्या मुलीने आखलेली एक पांढरी रेष आहे, तिरकी, खाली उतरणारी. भाव वर येतो, रेषेला टेकतो, मुकाट खाली वळतो. तीनदा. इतकी रेष मानणारा भाव मी तरी पाहिला नव्हता. कौतुकाने दादांना दाखवला. ते म्हणाले, असला माल आपल्या यादीतच नाही, काढून टाक. निघेना. उद्या बघू.

९ तारीख, रविवार
घरी. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ नाडीचे ठोके मोजतं. ६४ दाखवत होतं. सहज मोबाइलवर माझा चार्ट उघडला. आज बाजार बंद. चार्टवर ६४.
बाबा वाकून चपलेचा पट्टा लावायला लागले. घड्याळ ६८. चार्ट ६८.
आईने विचारलं, ताटावरून का उठलास. पोट भरलं म्हटलं.

११ तारीख, मंगळवार
दादांना विचारलं, थोरली कोण. म्हणाले, त्या मुलीची मोठी बहीण. धडधाकट होती, महिन्याभरात गेली. मुलगी त्यानंतर आलीच नाही.
रेष पुसली जात नाही, कुलूप आहे तिला. ‘बाबा’ खोडून ‘टेबल’ लिहिलं. डोळ्यांदेखत पुन्हा ‘बाबा’. कॉम्प्युटरवाल्याने सगळं पुसून नव्याने टाकलं. चार्ट जागच्या जागी.
डॉक्टर म्हणतात, तपासण्या स्वच्छ आहेत. ठोके का उतरताहेत कळत नाही.
मला कळतंय. सांगू कोणाला?

१२ तारीख, बुधवार
५२.
एक गोष्ट सापडली. मी टक लावून बघत असलो की भाव गाठलेल्या तळाच्या खाली जात नाही. तासभर बघितलं, ५२ च. चहा घेऊन आलो — ४९.
पुन्हा करून बघितलं. पाच मिनिटं खिडकीबाहेर. ४८.
आता करून बघणार नाही.

१३ तारीख, गुरुवार
घरी गेलो नाही. इथेच. ४४.
आईचा फोन. बाबा सारखे विचारताहेत, कुठाय तो. कामात आहे म्हटलं. म्हणाली, मेल्या, बापापेक्षा तुला तो पडदा जवळचा झाला?


१४ तारीख
पहाटे डोळा लागला. किती वेळ — माहीत नाही. ४१.
माझ्यामुळे. तीन ठोके.

वहीकडे न बघता लिहितोय, अक्षरं एकमेकांवर चढत असतील. हाताला काहीतरी चाळा हवा, नाहीतर पापणी —

दादा म्हणाले, घरी जा, मी बघतो तुझी स्क्रीन. बसवलं. ते बघत असतानाही उतरला. ४०. उठवलं त्यांना. मीच लागतो.

आई फोनवर रडतेय. बाबा निघालेत. ऐकेनात. त्याला घेऊनच येतो म्हणाले.
तीन मजले. लिफ्ट —

४२. ४५. बाबा जिना चढताहेत.
थांबले. पुन्हा चढताहेत. ४७. रेषेला टेकला —
खाली. पुन्हा ४०, त्याच्या खाली नाही. थांबलाय. बघतोय मी, म्हणून थांबलाय.

मागे दारात धाप. म्हणताहेत, अरे, माझं काही चुकलं का?
नाही बाबा. मान वळवत नाही.

खुर्ची ओढून शेजारी बसलेत. म्हणताहेत, इतक्या लांबून आलो, तोंड तरी दाखव.
डावा हात पुढे करून थोपवतो. डोळे ४० वर.

त्यांचा हात. हनुवटीखाली. गार. झिडकारता येईना — हळूच त्यांच्याकडे वळव