एका भाकरीची कंपनी

मुक्काम युसूफ वडगाव. मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८४५

कंपनी! याच शब्दाने हिंदुस्थान गिळला. आज पारावर सहज विचारलं. म्हातारे म्हणाले, गोऱ्यांचं जुनं राज्य. पोरं म्हणाली, नाटकवाले. पलटणीतून परतलेला त्रिंबक म्हणाला, शंभरेक बंदूकवाले. अडत्या म्हणाला, भागीतलं दुकान. सगळे बरोबर! पण इंग्रजी शब्दकोशात मूळ सापडलं – लॅटिन. 'सोबत' आणि 'भाकर'. एका भाकरीतले ते कंपनी! वाचून अंगावर काटा आला. मग आमची कंपनी कुठे आहे?

शुद्ध ७

बाजारात बोललो. धर्माचं भाषण म्हणून निजामाच्या तहसिलीतून इजाजत मिळाली होती. सांगितलं – दशमीला नदीकाठी चिंचेखाली या. प्रत्येकाने घरून एक भाकर आणा. एकाच चादरीवर ठेवू. मराठा, माळी, महार, मुसलमान – हाती येईल ती खायची!

टाळ्या थांबेनात. माझा दोस्त विठ्ठलराव कानाशी लागला, "बोलतोस लई भारी बे! पर खाणार कोण?"

शुद्ध ८

पाटोद्याहून बहीण सत्यभामेच्या होणाऱ्या सासरकडचा निरोप. चादरीवर बसलात तर माघातलं लग्न विसरा. आई रडते आहे.

बहिणीलाच विचारलं. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही. "तुझं भाषण हाय दादा, माझं लगीन हाय. कोन्तं मोडायचं ते तूच ठरव."

शुद्ध १०

गावातून कोणी आलं नाही. कोणी नाही! विठ्ठलराव लांब घोड्याचा लगाम धरून उभा. महारवाड्यातून मात्र कडूबाई नवरा-लेकरांसह आली. मी माझी भाकर ठेवली. तिने फडकं सोडलं.

"घरची ना?" मी मोठ्याने विचारलं. विठ्ठलरावाला ऐकू जावं म्हणून.

कडूबाई हसली. "घरची कुठली, मालक? यंदा येसकरीची, गावराखणीची पाळी आमची. दिवेलागणीला तुमच्या दारोदार फिरावं, तवा भाकर. ही कालची, तुमच्याच वाड्यातली. कड करपलेली बघा. सत्यभामाबाईच्या हातची."

"खा बे, घरचीच हाय!" विठ्ठलराव तिकडून ओरडला.

घरून आणा म्हणालो. कोणाच्या घरी भाकर असते, हे मनातही आलं नाही. ही भाकर रोज संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावरून, वरूनच, तिच्या फडक्यात पडते. मी पाहतो. आत जाऊन वाचत बसतो.

खाल्ली. वाळून कडक झालेली. घशात अडकली.

"रोज असलीच खातो आमी," कडूबाई म्हणाली. "न्हाई उतरली तर पानी प्या."

पाणी तिच्या मडक्यातलं. प्यालो.

शुद्ध १२

सोयरीक मोडली. सत्यभामा माझ्याशी बोलत नाही.

वद्य १

आणखी ऐकलं. गावाने कडूबाईची भाकर बंद केली आहे. माझ्या भाषणाची शिक्षा तिच्या लेकरांच्या पोटाला! काल ती आमच्या दारी आली, तर आईने आतूनच सांगितलं, "आता न्हाई मिळायची." मी ओसरीवर होतो. उठेपर्यंत ती गेली होती. मागे धावलो नाही. कोणत्या तोंडाने?

धारूरहून व्याख्यानाचं बोलावणं आलं. नाही म्हणून कळवलं. टाळ्या वाजवायला माणसं जमतात. ती गर्दी, कंपनी नव्हे. शब्दकोश माळ्यावर टाकला. बहिणीचा संसार गेला, कडूबाईच्या घरची भाकर गेली, आणि माझ्याजवळ काय उरलं – एका शब्दाचं मूळ!

जेवण जात नाही.

वद्य ३

दिवेलागण. सत्यभामेने टोपलीभर भाकरी केल्या, वर ठेचा ठेवला, टोपली डोईवर घेतली. "कुठं?" विचारलं. "महारवाड्यात." किती दिवसांनी बोलली! मी म्हणालो, "वाढून लवकर ये."

"वाढायला न्हाई, दादा. जेवायला चालले."

गेली. आई दाराला कडी घालायला उठली आहे. ती लागायच्या आत मला बाहेर पडायचं आहे.