बंगलोरच्या संस्थेची चौकशी

जळगाव,
२३ एप्रिल १९९६

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझे गुडघे आणि भडगावचं ऊन, दोघांनीही थोडं नमतं घेतलं असेल असं धरून चालतो. इकडे शेजारच्या कुंदाबाईंचे पापड गच्चीवर वाळत नाहीत, थेट भाजले जातात.

तुझी ज्योत्स्ना माझ्याकडे मजेत आहे, असं दर पत्रात लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो.

तिला बंगलोरच्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलंय. सुट्टीत आठ आठवडे तिथे राहून एक संगणक दुसऱ्याशी कसा बोलतो यावर संशोधन करायचं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची पोर! रेल्वेचं भाडं त्यांचं, राहणं त्यांचं, वर विद्यावेतन. अक्का, चोवीस वर्षं मी तार ऑफिसच्या खिडकीत बसतोय. सरकार इथे एक जादा शब्द फुकट जाऊ देत नाही. आणि हे लोक न पाहिलेल्या मुलीला भाडं देणार? का?

म्हणून पाकीट मी उघडलं. घरातला मोठा म्हणून. दोन दिवस चौकशीपुरतं ठेवून घेतलं. तिला सांगितलं नाही.

चौकशी कशी करतात ते तुला काय सांगू. तुझं स्थळ पाहायला गेलो तेव्हा नानांनी त्या लोकांच्या विहिरीचं पाणीसुद्धा चाखलं होतं. मगनकाकांचा लोटन बंगलोरला मिलिटरीत आहे. त्याला लिहिलं: जाऊन ये, जागा बघ, माणसं बघ, पाणी पी.

मधल्या काळात एकदा जेवताना ज्योत्स्ना तिचा विषय समजावत होती. निरोपाचे तुकडे करतात, वेगवेगळ्या वाटांनी पाठवतात, पलीकडे पुन्हा जोडतात. मी म्हटलं, ‘‘आमच्या तारेच्या कडकट्टला कधी तुकडे करावे लागले नाहीत.’’ ती हसली. म्हणाली, ‘‘मामा, वाटेतल्या यंत्राचं काम फक्त पुढे पाठवायचं. आत काय आहे ते त्यानं वाचायचं नसतं.’’

पाकीट तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. ताट अर्धं टाकून उठलो. तिखटाला दोष दिला.

काल लोटनचं पत्र आलं, आपल्या अहिराणीतच. ‘‘आबा, बठ्ठं चांगलं शे. झाडं बठ्ठीकडे, पानी गोड शे. मॅडमले इचारं, आठे दारू कोन पेस? मॅडम हसनी.’’ ज्यांनी ज्योत्स्नाला निवडलं त्या प्राध्यापक बाई आहेत, हे मला तेव्हा कळलं. पत्राखालची सही मी पुरुषाचीच धरली होती. लोटनने त्यांना घर स्वतःचं की भाड्याचं, इथवर सगळं विचारलं. त्यांनी न रागावता सांगितलं. मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही आमची सगळी चौकशी केलीत. मुलगी काय म्हणते? पंचवीस तारखेपर्यंत तिचा होकार आला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.’’

लोटनने शेवटी लिहिलंय, ‘‘माले काही सांगता उनं नई.’’

मलाही आलं नसतं. वर दोन दिवस लिहिलंय ना? बंगलोरचं पत्र चार तारखेला आलं होतं. अठरा दिवस ही पोर रोज संध्याकाळी विचारत होती, ‘‘मामा, बंगलोरहून काही?’’ आणि मी, चोवीस वर्षं पोस्ट-तार खात्याचं मीठ खाल्लेला, रोज म्हणत होतो, ‘‘पोस्टाचा कारभार, दुसरं काय!’’

संस्थेचा संशय तर खराच होता. पण तेवढा एकच नव्हता. तिकडची यंत्रं पाहून आलेली मुलगी माझ्या खिडकीकडे कोणत्या नजरेनं पाहील, हेही मी अठरा दिवस खिशात घेऊन फिरत होतो.

काल संध्याकाळी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिनं आधी शिक्क्यावरची तारीख वाचली. मग पत्र. रात्री जेवली नाही.

आज सकाळी खिडकी उघडली तर रांगेत पहिली तीच. तारेचा फॉर्म पुढे सरकवला: ‘येत आहे. ज्योत्स्ना.’ मी म्हटलं, ‘‘अगं, घरीच द्यायचास.’’

‘‘घरी दिलेलं पोचत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘अर्जंट करा. आणि पावती द्या, साहेब.’’

अर्जंट केली. तिच्यासमोर पाठवली. पावती दिली.

अठरा मेची गाडी आहे. तू आदल्या दिवशी ये. स्टेशनवर पोचवायला मी आलेलं चालेल का, ते तूच तिला विचार. मला विचारायची सवय नाही.

हे पत्र चिकटवून पेटीत टाकायला तिच्याच हाती देतोय. तिनं ते वाटेत उघडून वाचावं, असं फार वाटतं. उघडणार नाही, हेही ठाऊक आहे.

तुझा धाकटा भाऊ, आणि कालपर्यंत तिचा मामा,
गिरधर