आत्याचा खडू

ती. आत्या,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे, कारण पुढे येईल.) गुडघे कसे आहेत? रक्तदाब ठीक असेल तर हे लगेच वाच, नसेल तर गोळी घेऊन वाच.

मध्यंतरी राहून गेलीस तेव्हा तू घर लख्ख केलंस, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुदिना वाळवायच्या खोलीतली तुझी स्वच्छता आमच्या मुळावर आली आहे. आमचा पुदिना सेंद्रिय म्हणून विकला जातो, आणि सेंद्रिय म्हणवून घ्यायचं तर काय वापरावं याची सरकारी यादी असते. शेणखत चालतं, साध्या खडूची पूड चालते, शिंकलेलंही बहुधा चालतं (विचारायचं धाडस झालं नाही). यादीबाहेरचं काही सापडलं की प्रमाणपत्र रद्द. मग आमचा एकुलता एक व्यापारी आम्हाला दारातही उभं करणार नाही, आणि जमीन शुद्ध ठरेपर्यंत औषधं न फवारता काढलेली कळ पाण्यात.

तर निरीक्षकबाई आल्या. मितभाषी बाई, चहासुद्धा घेत नाहीत. त्यांनी गोदाम पाहिलं, फवारणीचा पंप हुंगला. मागे तुझी भाचेसून, तिच्या मागे लपल्यासारखा मी. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाई वाळवणाच्या खोलीत शिरल्या आणि एकदम खालीच बसल्या. भिंतीच्या कडेने, मांडण्यांच्या पायांभोवती, उंबऱ्यावर पांढरी रेघ. इतकी सरळ रेघ आपल्या घराण्यात फक्त तूच काढू शकतेस. बाईंनी बोटावर पूड घेऊन विचारलं, हे काय? मी म्हणालो, खडू. कसला? इथे गप्प बसायला हवं होतं, पण खोटं बोलताना माझे कान लाल होतात हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

"मुंग्यांचा," मी म्हणालो.

त्यावर तुझ्या भाचेसुनेने माझ्याकडे जे पाहिलं, ते कुठल्याच यादीत बसणार नाही. पूड पाकिटात सील झाली, खोलीला कुलूप लागलं. खडूत विष आहे का, हा प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पुदिना आत आणि आम्ही बाहेर. व्यापारी रोज फोन करतो आणि फोन वाजला की मी बागेत पळतो. तुझा राग येत नाही (म्हणजे येतो, पण पाठ दुखत असताना तू ओणवी राहून हे केलंस ते आठवलं की गिळावा लागतो). भीती मात्र वाटते, आत्या. खरंच वाटते.

बाकी सर्व ठीक, म्हणजे ठीक नाही.

तुझा भाचा

ता. क. उरलेली खडूची डबी तू पिशवीत घालून नेलीस (वस्तू वाया जाऊ नये म्हणून). ती निरीक्षकबाईंना हवी आहे. सोबत तुझी चिठ्ठीही हवी: खडू कुठून घेतला, आणि त्याने मुंग्या मरतात का.

आणखी ता. क. आज खिडकीतून आत डोकावलो. मुंग्या तुझ्या रेघेवरून रांगेने, सहलीला निघाल्यासारख्या चालल्या होत्या. दुकानदाराने तुला साधा खडू मुंग्यांचा म्हणून विकला असेल, तर आम्ही वाचलो. 'मला आजवर कोणी फसवलेलं नाही' हे तुझं वाक्य मला पाठ आहे. म्हणून वाकून, हात जोडून सांगतो, चिठ्ठीत 'मुंग्या पटापट मेल्या' असं लिहू नकोस, खरं तेच लिही. मागच्या वेळी मी तुझ्याकडे आलो तेव्हा तुझ्या साखरेच्या डब्याभोवतीही अशीच रेघ होती, आणि डब्यात मुंग्या होत्या. मी काही न बोलता चहा प्यालो होतो.