ठिपक्यांचा जिराफ

बाबा,

तुमच्या बागेतल्या जिराफाला मी परवा रंग दिला. ही गोष्ट सांगण्यासारखं दुसरं माणूस उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. आई असती तर तिला सांगून मोकळी झाले असते, पण तीही आता नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मी अकोल्याच्या शाळेत चित्रकलेची बाई झाले, एवढं तुम्ही पाहून गेलात. त्यानंतरचं सांगण्याजोगं फार नाही. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, आणि रविवारी शाळेतली आठ-दहा मुलं घेऊन मी अकोल्यातल्या बागा हिंडते.

हे हिंडणं तुमचंच. महापालिकेच्या बागेत सहा दिवस माळीकाम करणारा माणूस सातव्या दिवशी घरी लोळेल, असं कुणालाही वाटेल. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून अमरावतीतल्या दुसऱ्या बागा पाहायला न्यायचात. आई चिडायची, "हप्ताभर झाडंच पायता, आज तरी घरी बसा." तुम्ही चप्पल घालत म्हणायचात, "दुसऱ्याचं काम पायल्याबिगर आपलं कसं समजन?" परक्या बागेत गेलं की तुम्ही पायाच्या अंगठ्याने वाफ्यातली माती उकरून ओल पाहायचात, झाडाच्या सालीवरून हात फिरवायचात. पुतळा दिसला की सगळे समोर उभे राहतात, तुम्ही मात्र थेट मागे जायचात. समोरून कोणीही नीट करतो, मागची बाजू कशी केली त्यावरून माणूस कळतो, असं तुमचं म्हणणं. आता माझी मुलंही पुतळ्याच्या मागे उभी राहून वह्या उघडतात आणि येणारे-जाणारे त्यांच्याकडे पाहून हसतात. झाडाचं चित्र काढायच्या आधी त्यावर तांबट पक्षी बोलतोय का ते ऐका, असं मी तुमच्यासारखंच सांगते. अर्ध्या मुलांना ऐकू येतो, बाकीची आल्यासारखं करतात. मीही तसंच करायची, तेव्हा सांगितलं नाही.

जिराफाचं मात्र तुमच्यामाझ्यात कधी नीट बोलणं झालं नाही. झोपाळे आणि बहाव्याच्या मधला तो सिमेंटचा जिराफ तुम्ही नोकरीला लागायच्या आधीच कुण्या गवंड्याने उभा केला होता. दरवर्षी सव्वीस जानेवारीच्या तोंडावर सगळी बाग रंगायची. बाकं, फाटक, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. जिराफाच्या मानेपर्यंत शिडी लावायला कुणी तयार नसायचं, तुम्ही ते काम मागून घ्यायचात. डब्यांच्या तळाशी उरलेले रंग एकत्र करून अंगाला तांबूस रंग द्यायचा आणि वाळला की वर पांढरे ठिपके. ब्रश एकच, तोही चार बोटं रुंद, म्हणून ठिपके अंगठ्याने. मी खाली डबा धरून उभी. "इथं टेकवू का?" असं तुम्ही वरून मला विचारायचात, जसं काही मीच मुकादम. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात चुलीपासून लांब बसून रॉकेलच्या चिंधीने अंगठा घासायचात. आई ताट सरकवायची, "त्या अंगठ्यानं भाकर मोडू नका." तुम्ही अंगठा बाजूला धरून चार बोटांनी जेवायचात. महाशिवरात्रीपर्यंत नखाच्या कडेला पांढरं राहायचं.

एकदा रोपं आणायला तुम्ही बागेच्या ट्रकमधून चिखलदऱ्याला गेला होता. घाटात चितळांचा कळप आडवा आला आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली की त्यातली चितळं पाचाची पंचवीस झाली. जिराफाला ठिपके काहून, असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "जिराफ मी कुठं पायला? चितळ पायलं, ते काढतो." आपल्या भागातल्या पोरांना त्यात काही चुकीचं दिसलं नाही. मलाही नाही.

मग मी चित्रकलेच्या कोर्सला गेले आणि मला दिसायला लागलं. दुसऱ्या वर्षी जानेवारीत घरी आले तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीतलं एक जाडं पुस्तक बरोबर आणलं होतं. तुम्ही शिडी लावत होता, बागेचे साहेब शेजारी उभे होते. मी पुस्तक उघडून साहेबांना म्हणाले, "हे बघा, जिराफ असा असतो. हे तर मान ताणलेलं चितळ आहे. लोक हसतात." साहेब मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मंग या वर्षी तूच रंगव." तुम्ही शिडी धरून उभे राहिलात, डबा वर दिलात. तुमचे ठिपके मी पिवळ्याखाली बुजवले आणि पुस्तकात पाहून तपकिरी चट्टे काढले. संध्याकाळी तुम्ही मागच्या बाजूने एक चक्कर मारून आलात आणि म्हणालात, "झकास झाला. आता खरा झाला." मला ते खरंच वाटलं. आईने भाकरी थापता थापता, मान वर न करता सुनावलं, "त्याईले वर्षातून एक दिवस होता. तो बी तू घेतला." मी म्हटलं, चूक ती चूकच ना! पुढच्या वर्षी ते काम तुम्ही पेंटरला देऊन टाकलंत. नंतर शिडीवर कधी चढला नाहीत.

या जानेवारीत त्याच बागेतून फोन आला. आता तिथे एक तरुण मॅडम देखरेख करतात. म्हणाल्या, "जुन्या पुतळ्यांना रंग द्यायचा आहे, तुम्ही इथल्याच, याल का?" अमरावतीत उतरून राजापेठेतून रंग घेतला आणि सकाळीच पोचले. जिराफ मधल्या काळात कुणीतरी हिरवा करून ठेवला होता. सुटलेला रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडायला बसले. हिरव्याखाली कुणाकुणाचे पिवळे, त्यांच्याखाली माझे चट्टे. आणखी खाली, मागच्या पायाच्या गुडघ्याशी, तांबड्यावर तुमचे दोन ठिपके निघाले. एकाच्या कडेला अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या होत्या. मी तिथेच खाली बसून रडले. बहाव्याखालच्या बाकावर बसलेले एक आजोबा काठी टेकत आले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. ठिपके दिसल्यावर म्हणाले, "हां, हाच तो! आमी त्याले ठिपकेवालाच म्हनो. नातवाच्या पुस्तकातला जिराफ मले अजून खोटा वाटते."

मॅडमना मी सांगितलं की ठिपके काढणार. त्या गोंधळल्या. "शाळेची मुलं येतात, चूक काढतील. आणि तुम्ही तर ड्रॉइंग टीचर." मी म्हटलं, "काढू द्या. नाव माझं सांगा." मोठ्या तोऱ्यात म्हटलं खरं, पण शिडी चढताना प्रश्न पडलाच. माझेच विद्यार्थी उद्या इथे आले तर त्यांना काय सांगणार होते? दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी तांबूस, दुसऱ्या दिवशी ठिपके, अंगठ्याने. गुडघ्याजवळचे तुमचे दोन तसेच ठेवले, त्यांच्याभोवतीने रंग नेला. माझा अंगठा तुमच्यापेक्षा बारीक आहे, एकेका ठिपक्याला दोनदा टेकवावा लागला. शेवटी मागून एक चक्कर मारली. मागची बाजू बरी झाली आहे.

कालच्या रविवारी मुलांना जिराफाचा फोटो दाखवला. एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, हे चुकलंय." मी म्हटलं, हो, चुकलंय, माझ्या वडिलांनी असा काढला होता. तिला तेवढं पुरलं आणि ती पुढचं चित्र बघायला लागली. मला वाटलं होतं, हे सांगायला फार जड जाईल.

हे पत्र रंगांच्या पेटीत, ब्रशांखाली ठेवते. अंगठ्याचा रंग अजून गेला नाही, आज भाकरी चार बोटांनी मोडली. आणि एक राहिलं. त्या दिवशी साहेबांसमोर मी पुस्तक नाचवलं, पण जिराफ मीही पाहिला नव्हता. अजूनही पाहिला नाही. तुम्ही निदान चितळ तरी पाहिलं होतं.